कडी नसलेली ओळ

आमच्या घराला तीन दारं होती, आणि त्यातली दोन शेजाऱ्यांच्या घरात उघडत होती.

उघडत होती असं आपलं म्हणायचं. त्यांना ना चौकट होती, ना फळी, ना कडी. भिंतीत माणूस वाकून जाईल एवढं भगदाड आणि वर एक आडवं लाकूड, झालं दार. आमची सहा घरांची ओळ होती. पहिल्या घरात वाकलेला माणूस सहाव्या घरात जाऊन सरळ व्हायचा, आणि तोवर कुणाकडं काय शिजतंय, कुणाचं कुणाशी वाजलंय आणि कुणाला ताप आलाय, हे सगळं त्याला पाठ झालेलं असायचं. ओळीत वर्तमानपत्र कुणीच घेत नव्हतं. गरजच नव्हती.

ही दारं पाडायची कल्पना कुणाची, असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. (कल्पना काशीनाथमामांची होती. तिच्या बाजूनं भाषण माझं होतं.)

परभणीत एका बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या पाठीमागं ही ओळ होती. आमचे बाप त्या मिलमध्ये कामाला होते. मिल बंद पडली, बाप गेले, खोल्या आमच्याकडं राहिल्या. सगळी घरं बौद्ध. साल अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि लगोलग खेड्यापाड्यांतून बातम्या यायला लागल्या. कुठं घरं जाळली, कुठं पाणी बंद केलं, कुठं माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघून स्टेशनवर येऊन बसली. शहरात तसं काही नव्हतं, पण नाही म्हणून निवांत बसावं असंही काही नव्हतं. आमच्या ओळीच्या पुढं मोकळं माळरान आणि मागं मिलची उंच भिंत, तिच्यावर काचा रोवलेल्या. समोरून कुणी आलं तर मागं जायला वाट नाही. फक्त सहाव्या घराला बाजूला एक जास्तीचं दार होतं, ते स्टेशनच्या रस्त्यावर निघायचं, आणि त्या रस्त्यावर पोलिसांची गाडी उभी असायची.

ओळीसमोरच्या लिंबाखाली सगळे जमलो. काशीनाथमामा आमच्या डाव्या हाताचे शेजारी. रेल्वेत गँगमन होते, रिटायर होऊन वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यात रूळ यायचेच.

"आगगाडीत कसं असतंय," मामा म्हणाले, "या डब्यातनं त्या डब्यात जायला वाट असती. खाली उतरायचं कामच न्हाई. तशीच वाट आपल्या घरांतनं काढू. दगा झाला की समदे आतल्या आत सहाव्या घरात, आन् तिथनं रस्त्यावर."

"आन् दगा न्हाई झाला तर?" हे विचारणाऱ्या जिजामावशी. आमच्या उजव्या हाताच्या शेजारीण. विधवा, एकट्या, एका कोंबडीबरोबर राहायच्या. "समदी दुनिया माझ्या चुलीवरनं जाईल त्याचं काय?"

इथं मी उभा राहिलो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नागरिकशास्त्र शिकवायचो, आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला आपलं मत सगळ्यांना हवंय असं वाटतं. "मावशी," मी म्हणालो, "जीव मोठा की पडदा मोठा? आणि आपण गरीब माणसं, आपल्याला लपवण्यासारखं आहे तरी काय? ज्याच्या मनात पाप आहे त्याला भिंत लागते. आपण सगळे एक आहोत, तर मधे भिंत कशाला?"

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळीही वाजवली. माझी बायको सुमन घराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

घरात आल्यावर ती म्हणाली, "चांगलं बोललात."

"हो ना?"

"एक विचारू? आपल्याला लपवण्यासारखं खरंच काय न्हाई?"

"काय आहे आपल्याकडं लपवायला?" मी हसून विचारलं.

ती भाकरी थापायला बसली.

त्या उन्हाळ्यात आमचं बाळ गेलं होतं. तिच्या माहेरी, ताडकळसच्या अलीकडं एका वाडीत, जन्मल्यावर थोड्याच दिवसांत. बारसं व्हायचं होतं, ते राहिलंच. सगळा मराठवाडा एका नावावरून पेटला होता आणि आमच्या मुलाला नावच नव्हतं. सुमन परत आली तेव्हा मी तिला म्हणालो होतो, झालं ते विसरायचं. ती काही बोलली नाही. म्हणजे विसरली, असं मी धरून चाललो. (नागरिकशास्त्रात याच्यावर धडा नव्हता.)

रविवारी पहारी घेऊन भिंतींत भगदाडं पाडली. मातीच्या जोडणीच्या भिंती, फार वेळ लागला नाही. पुढचे दोन दिवस आमच्या वरणाला विटांची चव होती. नियम ठरले: दाराला फळी नको, कारण फळी आली की कडी आली. वाटेत काही ठेवायचं नाही. आणि संकट आलं तर ज्याला आधी दिसेल त्यानं ताट वाजवायचं, ते ऐकलं की बाकीच्यांनी काही न विचारता पळायचं. माझी माय म्हणाली, निदान पडदा तरी लावू. त्यालाही मीच नाही म्हणालो. पडद्यात पाय अडकून माणूस पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंडाला मशेरी लावून बसलो होतो. भिंतीतून काशीनाथमामा वाकून आत आले. हातात तांब्या. माझ्याकडं न बघता स्वयंपाकघर ओलांडलं आणि जिजामावशींच्या भिंतीतून पलीकडं गेले.

ओळीचा एकच संडास होता, सहाव्या घराच्या पुढं. बाहेर पाऊस भुरभुरत होता.

परत येताना मी त्यांना अडवलं. "मामा, ही वाट संकटासाठी आहे."

"मास्तर," मामा शांतपणे म्हणाले, "हे बी संकटच हाय."

इथून सुरुवात झाली. नळही सहाव्या घरापाशीच होता. आधी बायका बाहेरून चिखल तुडवत जायच्या. आता घागरी घेऊन आतून जायला लागल्या. आमचं स्वयंपाकघर म्हणजे हमरस्ता झाला. माझी माय मात्र खूश. गुडघ्यांमुळं तिला बाहेर पडता यायचं नाही, आता बाहेरचं जग तिच्या चुलीपाशी यायला लागलं. तिनं भगदाडाच्या तोंडाशी पाट टाकला आणि जकात नाक्यावर बसल्यासारखी बसली. बातमी दिल्याशिवाय ती कुणाच्या घागरीला पुढं सोडायची नाही.

जिजामावशी जाता जाता आमच्या भगुण्यावरचं झाकण उचलायच्या, बोट बुडवून बघायच्या आणि म्हणायच्या, "सुमन, मीठ कमी हाय."

"मावशी, तुमचा तर या दारांना विरोध होता," मी एकदा म्हणालो.

"व्हता की. पण आता भोक पडलंच हाय तर डोळे झाकून जाऊ का? ठेच लागंल ना."

नवरा-बायकोचं बोलणं ही चीज त्या ओळीतून गेली ती गेलीच. एकदा सुमन म्हणाली, चार दिवस माहेरी जाऊन येते. मी अगदी हळू आवाजात म्हणालो, दिवस बरे नाहीत, नको जाऊस.

डावीकडच्या भिंतीतून आवाज आला, "बराबर हाय मास्तरचं."

उजवीकडच्या भिंतीतून आवाज आला, "काय बराबर हाय? आईकडं जायाचं म्हणती ती."

"अवो पण रस्त्यानं काय झालं तर?"

"तिला इचारा की मग. तिचं काय म्हणणं हाय?"

दोघांनीही भगदाडांतून डोकी आत घातली आणि सुमनच्या उत्तराची वाट बघायला लागले. सुमननं चुलीत लाकूड सरकवलं. तरीही संध्याकाळपर्यंत हा विषय पहिल्या घरापासून सहाव्या घरापर्यंत जाऊन आला आणि निकाल माझ्याविरुद्ध लागला. निकाल लागला तोवर ताडकळसची गाडीच बंद झाली होती, म्हणून ती गेली नाही.

माझीही अब्रू फार दिवस टिकली नाही. मला भीती वाटत होती. सगळ्यांनाच वाटत होती, पण मी भाषण केलेलं, त्यामुळं मला दाखवता येत नव्हती. एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी कोपऱ्यातली काठी घेतली, खुंटीवरच्या आरशासमोर उभा राहिलो आणि छाती काढून म्हणालो, "कोण आहे रे तिकडं?" आवाज मधेच फाटला. परत म्हणालो. परत फाटला.

"मास्तर," मागून काशीनाथमामा म्हणाले, "बेंबीपासनं काढा आवाज."

ते तांब्या घेऊन किती वेळ तिथं उभे होते, कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी ओळीतली सगळी पोरं काटक्या घेऊन एकमेकांना "कोण आहे रे तिकडं" विचारत होती, आणि "रे"वर प्रत्येकाचा आवाज बरोबर फाटत होता.

या सगळ्यात सुमन दिवसेंदिवस कमी बोलायला लागली. काम करायची, कुणी आलं तर बाजूला सरकायची, कुणी मीठ कमी म्हणालं तर मीठ घालायची. तिला सवय झाली, असं मी समजलो. गप्प माणसाबद्दल माझा अंदाज कधीच बरोबर आला नाही, पण अंदाज बांधणं मी कधी थांबवलंही नाही.

श्रावणातली एक दुपार. शाळा लवकर सुटली. घरी आलो तर सुमन नाही.

"नळावर गेली असंल," माय म्हणाली.

नळावर नव्हती. जिजामावशींकडं विचारलं. "माझ्याकडनं न्हाई गेली बाबा." मामांकडं विचारलं. "इकडनं बी न्हाई." म्हणजे ती बाहेरच्या दारानं गेली होती. बाहेर माळरान होतं. मी दारात उभा राहून लांबवर बघितलं. कुणीच नव्हतं. आदल्या दिवशीच एका गावाकडून आलेल्या माणसानं तिथं काय काय झालं ते मायला सांगितलं होतं आणि तिनं ते सगळ्या ओळीला सांगितलं होतं. माझ्या डोक्यात तेच फिरायला लागलं. ज्या ओळीत मुंगी निघाली तरी सहा घरांना कळायचं, तिथून माझी बायको गेली होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

हाक मारायला गेलो तर आवाज फुटेना (बेंबीपासूनही नाही). मग मी फडताळातलं पितळी ताट घेतलं आणि त्यावर पळी हाणत सुटलो. सगळे येतील, शोधायला मदत करतील, एवढंच माझ्या मनात होतं.

ताट वाजलं की काही न विचारता पळायचं, हा नियम मीच मोठ्यानं वाचून दाखवला होता, हे त्या वेळी लक्षात आलं नाही.

पहिल्या घरापासून माणसं निघाली. बोचकी, पोरं, पेट्या. भिंतीमागून भिंत वाकत सगळी सहाव्या घराकडं धावली. त्याच वेळी सहाव्या घरातल्या बाईनं ताट ऐकलं, बाजूच्या दारातून रस्त्यावर पाहिलं, तिथं एक माणूस सायकलवरून पडून उठत होता. ती ओरडली की ते इकडूनच आलेत. मग पाचव्या-सहाव्या घरातली माणसं पहिल्या घराकडं धावली. दोन्ही लोंढे आमच्या स्वयंपाकघरात समोरासमोर आले.

काशीनाथमामा आपली लोखंडी पेटी घेऊन भगदाडात घुसले आणि अडकले. अर्धे आमच्याकडं, अर्धे त्यांच्याकडं. मागचे त्यांना ढकलत होते. जिजामावशी कोंबडी काखेत धरून समोरून आल्या. कुणाचा तरी पाय चुलीला लागला आणि वरणाचं भगुणं माझ्या पायावर आलं. मी ताट वाजवायचं थांबवलं नव्हतं. थांबवायचं सुचलंच नव्हतं.

"कुठपस्तोर आलेत?" मामांनी पेटीवरून मान वर काढून विचारलं.

"कोण?" मी म्हणालो.

"ते."

"ते नाही आले. सुमन गेली."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मंग पळायलोत कामून आपण?" जिजामावशी म्हणाल्या.

आज हे सांगताना लोक हसतात. तेव्हा कुणी हसलं नाही. पोरं रडत होती. पहिल्या घरातल्या म्हातारीनं भीतीनं डोळे मिटले होते ते उघडतच नव्हती, कुणीतरी तिचे हात चोळत बसलं. एका बाईनं पळताना स्वतःचं लेकरू समजून शेजारणीचं उचलून आणलं होतं आणि आता ती आपलं शोधत होती. एवढ्या माणसांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी ती भीती मी पहिल्यांदाच बघितली. माझ्याही चेहऱ्यावर तीच असणार. माय पाटावरून हललीच नव्हती. ती म्हणाली, "आरं पण सुमन कुठाय?"

मामांना दोघांनी ओढून बाहेर काढलं. त्यांनी धोतर झटकलं, मला बाजूला घेतलं (म्हणजे सगळ्यांच्या मधोमध थोडं वळवलं) आणि म्हणाले, "मास्तर, रागावू नका, एक सांगतो. रोज दुपारच्याला संडासाला आतनं कडी असती. मी जातो आन् तसाच माघारी येतो. मला वाटलं कुणाचं पोट बिघडलंय. कसं इचारावं?"

मी निघालो. माझ्यामागं सगळी ओळ निघाली. कुणाला या म्हणालो नव्हतो, पण येऊ नका म्हणायची पद्धत आमच्यातून गेलीच होती.

संडासाला पत्र्याचं दार होतं. आतून बंद होतं. अख्ख्या ओळीत आतून लावल्यावर खरोखर बंद होणारं तेवढं एकच दार.

"सुमन?"

मी पत्रा वाजवला.

"सुमन, आत आहेस का?"

"हाय," ती म्हणाली.

"काय करायलीस?"

संडासात बसलेल्या माणसाला विचारायचा हा प्रश्न नाही, हे मलाही कळतं. पण उत्तरही कुणाला वाटलं होतं ते आलं नाही.

"रडायलेय," आतून आवाज आला. "झालं की येते."

जिजामावशींच्या काखेतली कोंबडीसुद्धा गप्प होती. मग मावशीच वळल्या. "चला गं. चला आपापल्या घरी." दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "आपापलं घर कुठनं कुठपस्तोर, ते एकदा ठरवाय पायजे," असं म्हणून गेल्या. बाकीचेही गेले.

मी दारापाशी उभा राहिलो. पायावर वरण वाळत होतं.

"इथं कशाला बसलीस?" मी पत्र्याला तोंड लावून विचारलं.

"कडी हाय म्हणून."

"घरात नाही का..."

"घरात कुठं रडू? सैपाकघरातनं बायका जायलेत, मामा यायलेत, माय दारात बसलेल्या. डोळ्याला पदर लावला की सहाव्या घरातनं काढा येतो. परवा तर दोन येळा आला."

"मला सांगायचंस."

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी सभा घेतली असती."

मी पत्र्यापाशी उकिडवा बसलो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्याचं टोपडं हाय माझ्याजवळ. येताना पोलक्यात घालून आणलं. दिवसातनं एकदा काढून बघावं वाटतंय. आधी दार लावून बघायचे. तुमी म्हणालात ना, लपवण्यासारखं काय हाय. हे हाय."

कडी निघाली. ती बाहेर आली, नळावर तोंड धुतलं, माझ्या पायाकडं पाहिलं आणि म्हणाली, "वरण सांडलं व्हय?" आणि घराकडं चालू लागली. बाहेरून, चिखलातून. मी तिच्यामागून गेलो.

संध्याकाळी पुन्हा लिंबाखाली बसलो. या वेळी मी उभा राहिलो नाही.

"बुजवा भोकं," जिजामावशी म्हणाल्या.

"आन् उद्या खरंच आले तर?" मामांनी विचारलं.

पहिल्या घरात तेव्हा एक पाहुणं कुटुंब येऊन राहिलं होतं. त्यांचं गावातलं घर उरलं नव्हतं. त्यातला एक माणूस कधी बोलायचा नाही, तो हळूच म्हणाला, "आमच्याकडं असं एक भोक असतं तर आमची गाय तरी वाचली असती." त्यानंतर बुजवा म्हणायला कुणाची जीभ वळेना. जिजामावशींचीही नाही.

मग कुणी सुचवलं की फळ्या लावू आणि कडी ठेवू. पण कडी कुठल्या बाजूनं? त्यावर मावशी आणि त्यांच्या पलीकडची शेजारीण यांचं जुंपलं.

"कडी माझ्या अंगानं," मावशी म्हणाल्या.

"आन् मला पळायचं असंल तर?"

"हाक मार. काढते."

"तुमी झोपलेल्या असाल तर?"

"तर मर तिकडं. मी बी मरते इकडं."

शेवटी एवढंच ठरलं की दुपारचं जेवण झाल्यावर चहापर्यंत मास्तरांच्या घरातून कुणी जायचं नाही. बाईला मोकळं रडू द्यायचं. हा ठराव एकमतानं झाला आणि ओळीनं तो इतक्या जिवाभावानं पाळला की काय सांगू. दुपार झाली की मामा आमच्या भगदाडाला आपली पेटी लावून वाट बंद करायचे. मावशी त्यांच्या बाजूनं गोधडी टांगायच्या. माय शेजारी जाऊन बसायची. बायका लिंबाखाली आमच्या घराकडं पाठ करून ओळीनं बसायच्या. पोरं दंगा करायला लागली की त्यांना दटावलं जायचं, "गप रं, मास्तरीणबाई रडायल्यात." भाजीवाला आला की मामा तोंडावर बोट ठेवून त्याला कारण सांगायचे. आठवडाभरात त्या भाजीवाल्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळलं होतं की मिलच्या मागं एक बाई दुपारी रडते आणि ही गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही.

पहिल्या दुपारी सुमन टोपडं घेऊन बसली. मी खिडकी लावून घेतली. बाहेर अगदी शांत. ती बराच वेळ बसून राहिली.

"येत न्हाई," ती म्हणाली.

"का?"

"इतके जण वाट बघायलेत भायेर. कसं येईल?"

आणि तिला हसू आलं. तोंडात पदर कोंबला तरी आवरेना. उन्हाळ्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

गोधडीच्या पलीकडून जिजामावशी कुणाला तरी म्हणाल्या, "आज लवकर उरकलं वाटतं."

आमच्या ओळीवर कुणी आलं नाही. पावसाळा गेला, रस्त्यावरची पोलिसांची गाडी गेली. जिथं जायचं होतं तिथं ते गेले होते, आमचा नंबर लागला नाही, इतकंच. आमच्या दारांमुळं आम्ही वाचलो असं मी कधी म्हणालो नाही, आणि ती दारं उगाच पाडली असंही मला म्हणवत नाही. पाहुणं कुटुंब सेलूला कामाला गेलं, तेव्हा तो न बोलणारा माणूस जाताना सगळ्या भगदाडांतून एकदा वाकत वाकत जाऊन आला. कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही. थंडी पडायला लागल्यावर एका रविवारी काशीनाथमामांनी स्वतः विटा आणून भिंती बुजवायला घेतल्या. आमची डावी भिंत झाली, मग उजवी. एकेरी विटांची, पण भिंत ती भिंत.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर पुढचं दार आतून बंद. माय कुणाच्या तरी आधारानं येऊन लिंबाखाली बसलेली. तिनं नुसती मान हलवली. मी पायरीवर बसलो.

मामा तांब्या घेऊन बाहेरून चालले होते. "भायेर कामून बसलात?"

"आत खाजगी चाललंय," मी म्हणालो.

"बरं," मामा म्हणाले आणि भिंतींसाठी कालवलेला चिखल चुकवत गेले.

थोड्या वेळानं कडी वाजली. सुमन दारात उभी होती. डोळे सुजलेले.

"झालं का?" मी विचारलं.

"न्हाई. तुमी या."

"मी काय करू?"

"तुमी एकदा बी रडला न्हाईत."

"मला जमेल असं वाटत नाही गं."

"कडी लावा आधी," ती म्हणाली.

मी कडी लावली. ती नव्या भिंतीला टेकून बसली होती, मी तिच्याजवळ बसलो. तिनं टोपडं माझ्या हातात दिलं. पिवळं होतं, कडेला हिरवी दोरी. माझ्या तळहातावर ठेवलं तरी तळहात उरला. मी तिला समजावायला काहीतरी बोलणार होतो, वाक्य तयारही होतं. ते तोंडातून निघालंच नाही. निघालं ते दुसरंच, आणि असा काही हंबरडा निघाला की मामांनी सांगितलेली बेंबीपासूनची जागा मला तेव्हा पहिल्यांदा सापडली. किती वेळ चाललं होतं ते माहीत नाही. मधेच उजव्या भिंतीवर हलकीशी टकटक झाली.

"मास्तर," पलीकडून जिजामावशी म्हणाल्या, "जरा दमानं रडा. भिंत अजून ओली हाय."